शिल्लकबाई, जरा बसा

प्रति,
श्रीमती अखेरची शिल्लक,
मु. पो. अंदाजपत्रकाचं शेवटचं पान, शेवटची ओळ.
(फेब्रुवारीत पेण, रोहा आणि जिथे जिथे नगरपरिषद असेल तिथे मुक्काम.)

स. न. वि. वि.

बाई, तुम्हाला गाठणं कठीण. फेब्रुवारीच्या अखेरीस विशेष सभा भरते, वडे येतात, टेबलं वाजतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तुमची चौकट झळकते: 'कोणतीही करवाढ नसलेला शिलकी अर्थसंकल्प एकमताने मंजूर.' खाली हसऱ्या चेहऱ्यांचा फोटो. त्यानंतर तुम्ही ज्या गुप्त होता त्या थेट पुढच्या फेब्रुवारीत उगवता. मधल्या काळात तुम्हाला नळावर कुणी पाहिलेलं नाही, गटाराच्या काठी नाही की दिवा गेलेल्या खांबाखालीही नाही. नाव शिल्लक आणि अंगावर कुणी कधी पाहिली नाही, असं तुमचं सोनूबाईपेक्षाही वरचढ काम.

कुठल्या एका नगरपरिषदेचं नाव घेत नाही. घेण्याची गरजही नाही, कारण तुम्ही पेणला जशा दिसता तशाच रोह्याला दिसता, मुरूडला आणि महाडलाही तशाच. घाटावर गेलं तरी तुमच्या चेहऱ्यात फरक नाही.

तुमचा जन्म कसा होतो ते लेखा विभागात कुणाला चहा पाजला तर कळतं. आधी खर्च लिहिला जातो, कारण तो ठरलेलाच असतो. पगार, पेन्शन, पंपांचं वीजबिल, रस्त्यावरच्या दिव्यांचं वीजबिल, घनकचऱ्याचा ठेका, कर्ज असेल तर हप्ता. मग महिला व बालकल्याणाचे ५ टक्के, दिव्यांगांचे ५ टक्के, दुर्बल घटकांचे ५ टक्के. त्यावर प्रत्येक प्रभागातून आलेल्या कामांच्या चिठ्ठ्या. बेरीज होते आणि जमेची बाजू मान टाकते. नगरपरिषदेला तुटीचं अंदाजपत्रक मांडता येत नाही. खर्चाला हात लावला तर चिठ्ठीवाले उठतात. राहता राहिली जमा. ती मुकी असते, कागदावर कितीही फुगवली तरी तक्रार करत नाही.

समजा, गावाची घरपट्टीची चालू मागणी १०० रुपये आहे आणि मागची थकबाकी ८०. गेल्या वर्षी दोन्ही मिळून हातात आले ९०. साधा किराणा दुकानदार यंदा ९०, फार तर ९५ धरेल. तुमचे जन्मदाते १६० धरतात. विचारलं तर म्हणतात, 'यंदा वसुलीची धडक मोहीम आहे.' ही मोहीम इतकी वर्षं धडकते आहे, कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही. पाणीपट्टीचा तोच प्रकार, गाळ्यांच्या भाड्याचाही तोच. एवढं करूनही कमी पडलं तर 'अपेक्षित शासकीय अनुदान' नावाचा अक्षय्य पात्रासारखा रकाना आहेच. पुन्हा बेरीज होते आणि जमा खर्चाच्या जरा वर डोकं काढते. ते जरासं डोकं म्हणजे तुम्ही. मोठं कुणी होऊ देत नाही. फार दिसलात तर प्रभागाप्रभागात वाटून घेतील, अजिबात दिसला नाहीत तर सही होणार नाही. बेताचं बाळसं.

सामान्य माणूस अंदाजपत्रक वाचत नाही, त्याला दोष देत नाही. पण ज्याला वाचायचं असेल त्याने तीन रकान्यांतला पहिलाच वाचावा, मागच्या वर्षी प्रत्यक्षात काय आलं आणि काय गेलं तो. दुसरा 'सुधारित' म्हणजे चूक झाकायचं कापड आणि तिसरा 'अंदाजित' म्हणजे कथा-कादंबरी विभाग. भाषणं सगळी तिसऱ्यावर होतात.

१ एप्रिल उजाडतो. खर्च त्याच दिवशी सुरू होतो. पगार दरमहा, वीजबिल दरमहा, ठेकेदाराचं बिल दरमहा. वसुली मात्र आपल्याकडे जानेवारीत जागी होते आणि मार्चमध्ये धावते, जप्तीची पथकं, बँडबाजा, नळ तोडण्याच्या नोटिसा. मधले नऊ महिने गाडी कशावर चालते? तुमच्यावर नाही, तुम्ही तर कागदावरच्या. ती चालते काटछाटीवर. बाई, ही काटछाट कुठल्याही सभेत मंजूर होत नाही. तिच्यावर चर्चा नाही, ठराव नाही. एक शेरा असतो फक्त: 'निधी उपलब्धतेनुसार.'

या शेऱ्याने काय काय केलं ते ऐका. पाणी उपशाच्या ठिकाणी दोन मोटरी असाव्यात असा संकेत आहे, एक चालू आणि एक राखीव. राखीव मोटर दिवाळीच्या सुमारास जळते. वायंडिंग करून आणायचं तर फार मोठा खर्च नसतो. फाइल तयार होते, एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते आणि वर उल्लेखलेला शेरा अंगावर घेऊन झोपते. काही बिघडत नाही, कारण दुसरी मोटर चालू असते. डिसेंबर जातो, होळी जाते. उन्हं वाढतात तशी एकटी मोटर जास्त तास चालायला लागते, तिच्या पेटीवर हात ठेवला तर चटका बसतो, आणि पाणी सोडणारा माणूस ओला कपडा टाकून ती थंड करतो. मेच्या मध्यावर, लग्नसराईच्या ऐन भरात, ती बसते. मग रिक्षावर भोंगा बांधून गावभर सांगतात: 'तांत्रिक बिघाडामुळे उद्या पाणीपुरवठा होणार नाही.' तांत्रिक बिघाड! बाई, तुमचं हे दुसरं नाव आम्हाला उशिरा कळलं.

त्या दोन-चार दिवसांचा खर्च कुठे लिहिला जातो माहीत आहे? नगरपरिषदेच्या वहीत नाही. तो चाळीतल्या बाईच्या वहीत लिहिला जातो, टँकर वर्गणीने मागवला त्याचे पैसे, कामावरची खाडा झालेली मजुरी, विकतच्या जारचे पैसे. ज्याच्या गच्चीवर दोन टाक्या आणि अंगणात बोअरवेल आहे त्याला तुमचं अस्तित्व जाणवतसुद्धा नाही. तूट नाहीशी होत नाही, बाई. ती फक्त नगरपरिषदेच्या इमारतीतून उठून मागच्या आळीत राहायला जाते, आणि इमारतीत तिच्या रिकाम्या खुर्चीवर तुम्ही बसता.

सफाईचं वेगळं सांगायला नको. ठेकेदाराचं बिल तीन महिने अडकलं की तो कामगारांचा पगार अडकवतो, आणि त्याआधी हातमोजे, गमबूट, साबण बंद करतो. या वस्तूंशिवाय कचरा उचलता येतो असा त्याचा अनुभव आहे. अनुभव अर्थातच दुसऱ्याच्या हातांचा. नालेसफाई मेमध्ये व्हायची ती जूनच्या पहिल्या पावसासोबत होते, म्हणजे गाळ काढून काठावर ठेवायचा आणि पावसाने तो परत आत न्यायचा. २६ जुलै २००५ ला रायगड जिल्ह्याने पाणी आणि दरड दोन्ही काय असतात ते पाहिलं आहे. भोगावतीच्या आणि कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्या माणसाला नाला म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. अंदाजपत्रकाला मात्र दरवर्षी नव्याने शिकवावं लागतं.

आणि खड्डे. पेणला खड्ड्याचं मोजमाप वेगळं आहे. इथे कुंभार आळी, कासार आळी, तिकडे हमरापूर, जोहे या गावांतून गणपती देशभर जातात, समुद्रापारही जातात. आषाढात टेम्पो भरतात. पेंढा, गोणपाट, वर प्लॅस्टिक, आणि हौद्यात मूर्तींच्या मध्ये एक पोरगा उकिडवा बसलेला, दोन्ही हात दोन सोंडांवर. कारखान्याच्या दारातून महामार्ग लागेपर्यंत तो पोरगा ड्रायव्हरला ओरडत असतो, 'हळू, हळू.' महामार्ग लागल्यावरही ओरडत असतो, पण ती गोष्ट वेगळी. मुंबई-गोवा रस्त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, त्याला पत्र लिहायचं तर वेगळंच लिहावं लागेल. गावातल्या खड्ड्याची किंमत मोडलेल्या बोटात, टवका उडालेल्या मुकुटात आणि व्यापाऱ्याने कापलेल्या पैशांत चुकती होते. रस्ते दुरुस्तीच्या लेखाशीर्षात त्यामुळे बचत दिसते. तुम्ही आणखी गुटगुटीत दिसता.

आता तुमची दुसरी बाजू, म्हणजे ज्याला तुम्ही कधीच हात लावत नाही ते. प्रवेशद्वाराची कमान. चौकातलं कारंजं. नदीकाठचं सुशोभीकरण. 'आय लव्ह अमुक' अशी रंगीत दिवे पेटणारी अक्षरं, ज्यांतलं एखादं पहिल्या पावसाळ्यातच विझतं आणि गावाच्या नावाचा भलताच उच्चार होतो. मी सुशोभीकरणाच्या विरुद्ध नाही. संध्याकाळी कुंडलिकेच्या काठी बसायला मलाही आवडतं. पण यातली गोम तुम्हाला ठाऊक आहे आणि आम्हाला कुणी सांगत नाही. हे पैसे बहुतेक वेळा वरून येतात, बांधण्यासाठी म्हणून बांधलेले येतात. ते मोटरीच्या वायंडिंगला वापरता येत नाहीत. बांधून झालं की त्याची वीज, रखवालदार, रंग, फुटलेल्या फरशा हे सगळं मात्र नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून. म्हणजे अनुदान जितकं मोठं तितका कायमचा खर्च मोठा, आणि स्वतःचं उत्पन्न आहे तिथेच. नारळ फोडताना टाळ्या होतात. पाच वर्षांनी त्या वास्तूचं वीजबिल आलं की त्याच्यासाठी कुणाच्या तरी गल्लीतले दिवे उशिरा लागतात.

१९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात ४९ वं कलम आहे. त्यात कर्तव्यांची सरळ विभागणी केली आहे: करायलाच हवीत ती, आणि इच्छा व ऐपत असेल तर करायची ती. पाणी, गटारं, झाडलोट, दिवाबत्ती, आग विझवणं, मृतांची विल्हेवाट ही पहिल्या यादीत. बागा आणि सभागृहं दुसरीत. साठ वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना तुमचा स्वभाव आधीच कळला असावा. फक्त यादीच्या क्रमाने पैसे द्यायचे एवढंच त्यांनी गृहीत धरलं, आणि ते नेमकं राहून गेलं.

तुमच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. उत्पन्न खरंच तुटपुंजं आहे. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. नाक्यावरचा त्रास आणि नाक्यावरची चिरीमिरी दोन्ही गेली, त्याचं कुणाला दुःख नाही. पण तिच्यासोबत रोज सकाळी तिजोरीत पडणारा स्वतःचा पैसाही गेला आणि त्याच्या जागी मंत्रालयातून येणारं सहायक अनुदान आलं. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये नगरपालिकांना अठरा विषयांची यादी दिली, आणि सहा वर्षांत राज्य सरकारने हातातला रोकडा गल्ला काढून घेतला. तेव्हापासून नगरपरिषदेचा लेखापाल पगाराच्या तारखेला कॅलेंडर पाहत नाही, अनुदानाचा आदेश आला का ते पाहतो.

रोह्याचं तर आणखी एक दुखणं. धाटावची एमआयडीसी जवळ. कामगार, अधिकारी, त्यांची मुलं, त्यांच्या गाड्या यांचा भार शहराच्या रस्त्यांवर, नळांवर आणि कचराकुंड्यांवर. कारखाने मात्र नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, त्यामुळे त्यांची घरपट्टी या तिजोरीत नाही. पाण्याच्या बाबतीत रोहा नशीबवान. मुळशीच्या धरणातलं पाणी टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरातून खाली उतरतं आणि भर मेमध्येही कुंडलिका वाहती राहते. ज्या पाण्यासाठी मुळशीच्या लोकांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, जमिनी गमावल्या, ते पाणी आपल्या दारात येतं. पण नदीचं पाणी दारात आलं तरी ते वर चढवायला, गाळायला आणि नळापर्यंत पोचवायला वीज लागते, आणि वीज महावितरण उसनी देत नाही. पेणला उलटा मामला. तालुक्यात हेटवणे धरण आहे, त्याचं पाणी जलवाहिनीतून सिडकोच्या नवी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या बायका हंडे घेऊन मोर्चे काढत आल्या आहेत, वर्षानुवर्षं. खारेपाट नगरपरिषदेत येत नाही म्हणून तुमच्या वहीत ते हंडे नाहीत. पण नवी मुंबईच्या ताळेबंदात तुमची एखादी श्रीमंत बहीण असेल तर तिला निरोप द्या, हंडे अजून रिकामे आहेत म्हणावं.

साथीदार तर तुमचे बरेच. पहिला मान थकबाकीदाराचा. गरीब माणूस थकबाकीदार असतो, पण त्याची रक्कम छोटी आणि त्याला नोटिशीची भीती मोठी. खरी जाडी थकबाकी पक्क्या इमारतीत राहते. थकीत घरपट्टीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, ती साचत साचत मुद्दलाला गाठते, आणि मग तो सद्गृहस्थ अभय योजनेची वाट पाहतो. २०२५ मध्ये सरकारने नगरपरिषदांच्या थकबाकीवरची शास्ती माफ करायला वाट करून दिली. अडलेला पैसा निघावा हा हेतू असेलही. पण जुलैत रांगेत उभं राहून बिल भरलेल्या पेन्शनराला त्यातून काय कळलं? की आपण घाई केली.

दुसरा साथीदार, 'एक रुपयाही करवाढ होऊ देणार नाही' असं सभेत गरजणारा. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी. ती आली की हरकती, मोर्चा, स्थगिती. मग कच्च्या घराच्या जागी चार मजले झाले तरी आकारणी कौलांचीच. याच सभेत हाच सदस्य विचारतो, माझ्या प्रभागात पाणी का नाही? तिसरे साथीदार आम्ही. घरपट्टीच्या बिलातला शिक्षण कर राज्य सरकारला जातो हे आम्हाला माहीत नसतं, दुकानदाराच्या बिलातला रोजगार हमी करही तिकडेच जातो हेही नाही, नगरपरिषदेच्या वाट्याला नेमके किती उरतात ते विचारायला आम्ही कधी गेलो नाही, आणि पाणीपट्टीत पन्नास रुपये वाढवले तर मात्र पेटून उठतो. त्याच आठवड्यात टँकरला पाचशे देतो.

आता एक गोष्ट, जी पेणमध्ये तरी तुम्ही जपून करायला हवी होती. जुळणारे आकडे दाखवून विश्वास मागणं. हे गाव त्याबाबतीत भाजलेलं आहे. पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेचा ताळेबंदही वर्षानुवर्षं जुळत होता. सभा होत होत्या, अहवाल छापले जात होते. २०१० च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि मग बोगस कर्जखाती बाहेर आली, एक उघडलं की आत दुसरं. शेकडो कोटी रुपये आणि लाखाहून अधिक ठेवीदार. मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे, शेत विकून आलेले पैसे. ठेवीदारांतले कित्येक जण पैसे परत मिळायच्या आधीच वारले, उरलेले अजून मोर्चात दिसतात. अशा गावात येऊन तुम्ही शेवटच्या ओळीत गोड हसता, तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या पोटात गोळा येतो तो उगाच नाही. बँकेत पैसे अडकले, नगरपरिषदेत पाणी अडकेल.

आणि गंमत अशी, की ज्या रिझर्व्ह बँकेने ते निर्बंध घातले तिचा पहिला भारतीय गव्हर्नर याच मुलखातला. चिंतामणराव देशमुख, जन्म १८९६, महाडजवळच्या नाते गावचा, वडिलांची वकिली रोह्यात. पुढे देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत कुलाब्यातून लोकसभेवर गेले. फाळणीची जखम ओली, धान्याची टंचाई, पहिली पंचवार्षिक योजना, अशा काळात त्यांनी देशाचे अर्थसंकल्प मांडले, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. रोहेकर त्यांच्याबद्दल अभिमानाने बोलतात, बोलावंच. जयंतीला हारही घालतात. पण हार घालून परत येताना, राखीव मोटरीच्या प्रश्नावर राजीनामा देतो असं म्हणणारा सदस्य अजून आमच्या कानावर आलेला नाही.

सदस्यांवर सगळं ढकलणंही बरं नव्हे, कारण मध्यंतरी ते नव्हतेच. २०२२ पासून २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका होईपर्यंत पेणला आणि रोह्याला प्रशासक होते. तुमचे ते सुवर्णदिन. सभा नाही, चिठ्ठ्या नाहीत, विरोधी बाकावरून एखादा तरी आडवा प्रश्न नाही. मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच. 'चला, राजकारण नाही, निदान हिशेब तरी नीट होईल,' असं म्हणणारे पुष्कळ भेटले. पण पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांना निवडून आलेली संस्था लागायची. निवडणुका लांबल्या तसे राज्यात अनेक ठिकाणी हे पैसे अडकले, आणि त्यातला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला. मतदान पुढे ढकलण्याची किंमत नळाला मोजावी लागते, हे तेव्हा कुणी रिक्षावरच्या भोंग्यातून सांगितलं नाही.

प्रशासक आणि काटकसर यांचं एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे, ते तुम्हाला आवडेल. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे, तेव्हा लाखभर वस्तीचं. तिजोरी खडखडीत, म्हणून राज्यपालांनी आणीबाणी व्यवस्थापक नेमला, म्हणजे आपला प्रशासकच. डेट्रॉईटकडून विकत येणारं शुद्ध पाणी महाग पडतं म्हणून एप्रिल २०१४ मध्ये शहराला फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. गंज रोखणारं रसायन त्यात घालायला हवं होतं, तेही घातलं नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना यायचे, त्यांना सांगितलं जायचं की पाणी पिण्यायोग्य आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यात ते पाणी वापरणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते. इंजिनं सुटली, मुलं आणखी वर्षभर तेच पाणी पीत राहिली. पुढे नुकसानभरपाईची तडजोड ६२ कोटी डॉलरांहून अधिकची झाली, आणि पाइप उकरून बदलण्याचा खर्च निराळा. वाचवायला निघाले होते त्याच्या कितीतरी पट. त्या वर्षी फ्लिंटच्या कागदांवर तुमची एखादी गौरवर्णी मावसबहीण नक्की हसत असणार.

मग तुम्ही काय करावं? तुम्हाला हाकलून द्या असं मी म्हणत नाही. तुटीत चालणारी नगरपरिषद काही पुण्यवान नसते, उद्या पगार थकला तर तोच झाडूवाला पुन्हा पहिला भरडला जाईल. फक्त खऱ्या व्हा. जमा धरताना मागच्या तीन वर्षांत जे प्रत्यक्ष आलं त्याची सरासरी धरा, धडक मोहिमेतून चार पैसे जास्त आलेच तर ते आनंदाने वाटा. त्या खऱ्या जमेतून सगळ्यांत आधी मोटर, तुरटी, ब्लीचिंग पावडर, हातमोजे, नालेसफाई आणि वीजबिल बाजूला काढून ठेवा, आणि तिथे तो 'उपलब्धतेनुसार'चा शिक्का नेऊ नका. उरलेल्यातून कमान बांधायची तर बांधा, दोन मजली बांधा. वरून बांधकामाचं अनुदान आलं तर पुढच्या दहा वर्षांची देखभाल कोण करणार ते त्याच ठरावात लिहून घ्या. दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष जमा आणि प्रत्यक्ष खर्च नगरपरिषदेच्या फळ्यावर लावा, मोठ्या अक्षरांत, आणि शेजारी पहिल्या पंचवीस थकबाकीदार मालमत्ता. पाण्याचा दर वाढवायचा असेल तर वाढवा. पण गच्चीवर दोन टाक्या असणाऱ्याला आणि एका नळावर पाच घरं असणाऱ्यांना एकच दर लावू नका. हे सगळं केलं तर तुम्ही कदाचित खूप बारीक व्हाल. एखाद्या वर्षी दिसणारच नाही, आणि मग करवाढीशिवाय चालणार नाही असं कुणाला तरी उभं राहून सांगावं लागेल. त्या सभेला मी येईन. घोषणा द्यायला नाही, ऐकायला.

नवे सदस्य आले आहेत, नव्या खुर्च्यांचं प्लॅस्टिक अजून निघायचं आहे. त्यांना तुमची ओळख करून दिली जाईल तेव्हा मान खाली घालून उभ्या राहा आणि कुणी विचारलं, 'बाई, तुम्ही कुठून आलात,' तर या वेळी खरं सांगा.

कळावे.

आपला,
घरपट्टी जुलैतच भरून बसलेला एक घाईगर्दीचा नागरिक

ता. क. उत्तर पाठवणार असाल तर पाणी सुटायच्या वेळेला पाठवू नका. तेव्हा घरात कुणी मोकळं नसतं.